एक रुपया दरमहा

मुंबई नागरी सेवा नियम, १९५९ मधला नियम १५१ निलंबित सरकारी नोकराच्या निर्वाह भत्त्याचा होता. त्याला पोटनियम होते, खंड होते, आणि खंडाच्या शेवटी परंतुकं, म्हणजे ‘परंतु’ म्हणून जोडलेल्या अटी. त्यातल्या दुसऱ्या परंतुकाचा मथितार्थ असा: निलंबित माणसाला फौजदारी कोर्टाने दोषी ठरवलं आणि त्याने त्यावर अपील केलं, तर अपिलाचा निकाल लागेपर्यंत त्याला दरमहा एक रुपया निर्वाह भत्ता द्यावा.

एक रुपया. दिवसाला नव्हे, महिन्याला.

१९८० च्या आसपास साधं पोस्टकार्ड १५ पैशांना मिळे. म्हणजे महिन्याच्या भत्त्यात सहा पोस्टकार्डं येत आणि दहा पैसे उरत. सहा पत्रांत माणूस वकिलाला, भावाला, खात्याला आणि सासऱ्याला प्रत्येकी एकदा लिहू शकतो. मग दोन कार्डं शिल्लक. पगाराच्या पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सही करायची त्या काळी रीत होती, पण कायद्याने तो स्टॅम्प वीस रुपयांच्या वरच्या रकमेलाच लागे. या एका रुपयाच्या पावतीला तोही लागत नव्हता.

मुळात रुपया तरी का? शून्य का नाही? माझा तर्क असा: शून्य लिहिलं असतं तर ‘भत्ता दिला नाही’ अशी नोंद झाली असती, आणि त्या नोंदीला कोर्टात उत्तर द्यावं लागलं असतं. एक रुपया लिहिला की रजिस्टरात ‘अदा’ हा शब्द येतो. अंगावर काही आलं तर रजिस्टर दाखवता येतं. कारकुनी शहाणपणाचा हा नमुना मला नियमातल्या कुठल्याही कठोर वाक्यापेक्षा जास्त बोलका वाटतो.

सर्वोच्च न्यायालयाने हे परंतुक १९८३ मध्ये रद्द केलं. खटल्याचं नाव महाराष्ट्र राज्य विरुद्ध चंद्रभान ताले. त्याकडे शेवटी येऊ. आधी हे वढू बुद्रुकच्या माणसाने का वाचावं, ते सांगतो.

वढू बुद्रुक बाहेरच्यांना माहीत आहे ते छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे. गावातल्या माणसाचा दिवस मात्र पुणे-नगर रस्त्याच्या दिशेने सुरू होतो. कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, पुढे रांजणगावची एमआयडीसी: या पट्ट्यातल्या कारखान्यांनी गेल्या काही दशकांत भीमाकाठच्या घरांमध्ये ऊस आणि कांद्याच्या जोडीला शिफ्ट आणून ठेवली. घरात एक भाऊ रानात, एक कंपनीत, हा आता नेहमीचा हिशेब. या पट्ट्यात ‘सस्पेंड केलं’ हा शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टींना सर्रास वापरतात. चार दिवस घरी बसवलं, तेही सस्पेंड. चौकशी होईपर्यंत बाहेर ठेवलं, तेही सस्पेंड. वॉचमनने गेटवर अडवलं, हातात कागदाचा चिठोराही दिला नाही, तेही सस्पेंड. कायद्याच्या नजरेत या तीन निराळ्या वस्तू आहेत आणि प्रत्येकीत खिशात पडणारा पैसा वेगळा. ती विभागणी कशी घडली हे कागदांवरून उलगडता येतं.

सुरुवात ‘खाडा’ या शब्दापासून करावी लागते. गैरहजेरीला मराठी कामगार खाडा म्हणतो. मुंबईच्या गिरण्यांमध्ये ‘डबल खाडा’ अशी एक पद्धत होती. एक दिवस न सांगता घरी राहिलात, की पगार दोन दिवसांचा कापायचा. पहिला दिवस काम केलं नाही म्हणून, दुसरा शिक्षा म्हणून. ही शिक्षा कोणी लिहून देत नसे, तिच्यासाठी चौकशी नसे. हजेरीपटावर एक फुली जास्त पडे, इतकंच. त्या काळच्या इंग्रजी सरकारी अहवालांतही हा शब्द ‘खाडा’ असाच येतो, कारण साहेबाकडे त्याला शब्दच नव्हता. त्याच्या जोडीला दंड होते, आणि विणकराने बिघडवलेलं कापड त्याच्याच गळ्यात मारून किंमत पगारातून वळती करण्याची चाल होती.

बिनपगारी निलंबनाचा पूर्वज मला या दुसऱ्या फुलीत दिसतो. माणूस कामावर यायला तयार आहे, गिरणी चालू आहे, आणि तरी त्या दिवसाचं मोल शून्य, ही कल्पना तिथे आहे.

१९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईतले जवळपास दीड लाख गिरणी कामगार संपावर होते. संप मिटला तो न्यायमूर्ती फॉसेट यांच्या चौकशी समितीवर भिस्त ठेवून. संयुक्त संप समितीच्या सतरा मागण्या होत्या. आपल्याला आठवतात त्या पगारकपातीच्या आणि जास्त साचे चालवायला लावण्याच्या. पण समितीपुढे एक रुक्ष विषयही होता: गिरणीमालकांच्या स्टँडिंग ऑर्डर्स, म्हणजे कामाचे कायम नियम. काढून टाकायचं कधी, शिक्षा कोणती, ती द्यायची कोणी, हे कलमागणिक तपासलं गेलं. १९२९ च्या मार्चमध्ये समितीचा अहवाल आला. तोपर्यंत गिरणीतली शिस्त म्हणजे जॉबरची, म्हणजे मुकादमाची, मर्जी. ‘उद्या येऊ नको’ हे त्याने तोंडाने म्हटलं की झालं. ते वाक्य छापील कलमात बसवता येतं का, यावर दोन्ही बाजूंनी समोरासमोर वाद घातला, ही या समितीची खरी कमाई म्हणायला हवी. निकाल कुणाच्या बाजूने किती गेला हा भाग वेगळा.

पुढचा कागद १९३६ चा पगार वाटप कायदा. त्याची तारीख २३ एप्रिल. दंडाला मर्यादा पडली: एका पगारात रुपयामागे अर्ध्या आण्याहून जास्त दंड नको. पुढे तिथे तीन टक्के हा आकडा आला. गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या प्रमाणातच हवी असं कलम ९ ने सांगितलं. डबल खाडा या एका वाक्याने बेकायदा झाला. मात्र त्याच कलमाच्या शेपटाला एक काटा आहे. दहा किंवा अधिक कामगार संगनमताने, नोटीस न देता, वाजवी कारणाशिवाय गैरहजर राहिले, तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येईल, तसं करारात असेल तर. एकट्याचा डबल खाडा गेला, दहा जणांचा आठपट खाडा राहिला. वेतनाचं रक्षण करणारा कायदा लिहिणाऱ्याच्या मनात १९२८ ची भीती किती ताजी होती, ते इथे दिसतं.

मुंबई प्रांताने १९३८ च्या औद्योगिक कलह कायद्यात स्थायी आदेश, म्हणजे त्याच स्टँडिंग ऑर्डर्स, सक्तीचे केले. त्याच कायद्याने संपाचा हक्क आवळला म्हणून ७ नोव्हेंबर १९३८ ला एक दिवसाचा मोठा निषेध संप झाला, त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष पुढे होता. आणि मग २३ एप्रिल १९४६, बरोबर दहा वर्षांनी त्याच तारखेला, औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायदा देशभरासाठी आला. तारखा जुळणं हा योगायोग. त्यातून काही काढू नये. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं आंबेडकरांकडे होतं. १ जानेवारी १९२७ ला ते कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभापाशी आले होते. वढूहून ते ठिकाण चार-पाच किलोमीटर. गावातल्या पोरांना ती भेट माहीत असते. पोरगा ज्या कंपनीत जातो तिच्या गेटजवळ स्थायी आदेश कामगारांना कळेल अशा भाषेत लावायला हवेत, ही सक्ती १९४६ च्या कायद्याच्या नवव्या कलमाने घातली, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं.

गेटजवळच्या त्या फलकावर निलंबन दोन जागी सापडतं, आणि तिथेच गोंधळाची गाठ आहे.

पहिली जागा शिक्षांच्या यादीत. ताकीद, दंड, निलंबन, बडतर्फी. इथलं निलंबन ही शिक्षा आहे, बिनपगारी आहे, आणि तिची लांबी एका वेळी जास्तीत जास्त चार दिवस. दोष दाखवून, म्हणणं ऐकून घेऊन, लेखी हुकमाने. दुसरी जागा चौकशीच्या कलमात. आरोप आहे, शाबित व्हायचा आहे, तोवर माणसाला कामावरून दूर ठेवायचं. ही शिक्षा नाही. म्हणून तिला चार दिवसांची मर्यादा नाही, आणि म्हणूनच तिच्यात पैसा द्यावा लागतो. हुकमात ‘चौकशी प्रलंबित असेपर्यंत’ हे शब्द आहेत की ‘शिक्षा म्हणून’ आहे, यावर पुढचं सगळं अवलंबून. कागद हातात आला की आधी तेवढे दोन-तीन शब्द शोधावेत. वरचा मथळा आणि खालचा शिक्का नंतर वाचला तरी चालतो.

आणि ज्याच्या हातात कागदच नाही, गेटवरच अडवलाय, त्याचं काय? त्याचं उत्तर फलकावर नाही. ते शोधायला जरा लांब जावं लागतं.

इंग्लंडमध्ये १९१५ साली हॅन्ले नावाच्या कामगाराचा खटला झाला. हा एक दिवस न सांगता घरी राहिला. दुसऱ्या दिवशी आला, तर पीज आणि पार्टनर्स या त्याच्या मालकांनी त्याला एक दिवस कामावर घेतलं नाही. आपल्याकडचा डबल खाडाच, फक्त विलायती. हॅन्लेने त्या एका दिवसाच्या मजुरीसाठी दावा लावला आणि कोर्टाने ती मिळवून दिली. कोर्टाचं म्हणणं सरळ होतं: गैरहजेरीबद्दल हवं तर नोकरीवरून काढा, हवं तर नुकसानभरपाई मागा, पण नोकरी चालू ठेवून एक दिवस पगार बंद करायचा, हा हक्क तुमच्या करारात कुठे आहे? एका दिवसाच्या मजुरीसाठी माणूस वरच्या कोर्टात गेला, याचं मला अजून नवल वाटतं.

तेच तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये नवी दिल्लीच्या हॉटेल इंपीरियलच्या कामगारांच्या खटल्यात मांडलं. कामावर येऊ नको असं सांगून पगार थांबवण्याची सत्ता मालकाला उपजत नसते. ती कायद्यात, स्थायी आदेशांत किंवा करारात लिहिलेली असावी लागते. नसेल, तर मालक काम घेवो न घेवो, पगार देणं लागतो. १९६८ मध्ये मुंबई राज्याच्या वैद्यकीय सेवेतल्या बलवंतराय रतिलाल पटेल या डॉक्टरांच्या खटल्यात न्यायालयाने निलंबनाचे तीन प्रकार अलग केले: शिक्षेचं, चौकशीपुरतं, आणि नुसतं ‘काम करू नका’ असं सांगण्याचं. गेटवरच्या माणसाचा प्रश्न या तिसऱ्या खणात पडतो, आणि नियमाचा आधार नसेल तर तिथे पूर्ण पगार लागू होतो. महाराष्ट्रात १९७१ चा कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायदा आहे. त्याखाली कामगार न्यायालयात तक्रार करता येते. पण ‘अडवलं’ हे शाबित करायचं कसं? म्हणून जुने युनियनवाले सांगायचे: गेटवरूनच तार कर. आता तार बंद झाली. रजिस्टर्ड पत्र किंवा ईमेल त्याच दिवशी गेला पाहिजे.

आता अर्ध्या पगाराकडे. सरकारी नोकरांना निलंबनात निर्वाहापुरतं काही देण्याची सोय १९२२ पासून लागू झालेल्या मूलभूत नियमांत होती. कारखान्यातल्या कामगाराला तसा कायदेशीर हक्क देशपातळीवर मिळाला तो १९८२ मध्ये, १९४६ च्या कायद्यात कलम १०-क घातलं तेव्हा. पहिले ९० दिवस पगाराच्या ५० टक्के. त्यापुढे चौकशी लांबली आणि उशीर कामगारामुळे नसेल, तर ७५ टक्के. महाराष्ट्राच्या नमुना स्थायी आदेशांनी पुढची पायरीही घातली: १८० दिवसांनंतर पूर्ण. राज्यातली तरतूद जास्त फायद्याची असेल तर तीच चालेल, असं कलमातच म्हटलं होतं. चौकशी रखडवण्याची किंमत मालकाच्या खात्यात चढत जावी, अशी ही रचना.

हा भत्ता दयेपोटी आला, असा सर्वसाधारण समज आहे. कागद वेगळं सांगतात. त्यासाठी १९७३ चा घनश्यामदास श्रीवास्तव यांचा खटला नीट पाहावा. हे मध्य प्रदेशात वनखात्यात रेंजर. निलंबित झाले, राहायला रीव्याला. चौकशी लागली जगदलपूरला. निकालात मधलं अंतर ५०० किलोमीटर नोंदलं आहे. भत्ता मिळत नव्हता. त्यांनी खात्याला कळवलं की पैसे नसल्याने येता येत नाही. १९६५ च्या फेब्रुवारीत ९, १० आणि ११ तारखेला जगदलपूरला साक्षी झाल्या. भत्त्याचा पहिला पैसा त्यांच्या हातात पडला २० मार्चला.

या दोन तारखा शेजारी ठेवल्या की खटला संपतोच. साक्षी होताना आरोपी समोर नव्हता. नव्हता कारण तिकिटाला पैसे नव्हते. पैसे नव्हते कारण ज्याने आरोप ठेवला त्यानेच ते रोखले होते. सर्वोच्च न्यायालयाने चौकशीच रद्द ठरवली. १९९९ मध्ये कोलारच्या भारत गोल्ड माइन्समधल्या कॅप्टन पॉल अँथनी यांच्या बाबतीत हेच पुन्हा घडलं: भत्ता नाही, माणूस केरळात, चौकशी एकतर्फी. त्या चौकशीचीही तीच गत झाली.

म्हणजे भत्त्याचा उगम पोटात आहे, पण कायद्यातलं त्याचं बळ एसटीच्या तिकिटात आहे. बचाव करायचा तर हजर राहावं लागतं, हजर राहायचं तर जगावं आणि प्रवास करावा लागतो. वढूहून पुण्यातलं शिवाजीनगरचं कोर्ट तीसेक किलोमीटर, जगदलपूरच्या मानाने अंगणच. तरीही तारखेला जायचं म्हणजे दोन वेळचं भाडं, बरोबरच्या सहकाऱ्याचा चहा, झेरॉक्स, आणि रोजंदारीचा एक बुडालेला दिवस.

आता तो एक रुपया.

चंद्रभान ताले यांच्या खटल्यात सरकार सर्वोच्च न्यायालयात अपिलात आलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने परंतुक आधीच बाद केलं होतं. सरकारकडे दुसरा रस्ता उघडा होता, हे इथे ध्यानात घ्यायला हवं. फौजदारी शिक्षा झालेल्या नोकराला राज्यघटनेच्या ३११ व्या अनुच्छेदाखाली वेगळी खातेचौकशी न करता काढून टाकता येतं. ते न करता त्याला निलंबित ठेवायचं, म्हणजे नोकर म्हणून बांधून ठेवायचं, दुसरी नोकरी करू द्यायची नाही, आणि महिन्याला रुपया टेकवायचा. बैल दावणीला आणि वैरण मात्र मोजून एक काडी. न्यायालयाने म्हटलं की अपील चालू असताना दोष अखेरचा ठरलेला नसतो. तोवर माणसाला जगण्याजोगं काही मिळालंच पाहिजे. एक रुपया हा भत्ता नव्हे, भत्त्याचा आभास आहे. अनुच्छेद १४, १६ आणि ३११(२) यांच्या कसोटीवर परंतुक टिकलं नाही. राज्याची अपिलं फेटाळली गेली.

नियमाचं साल १९५९, निकालाचं १९८३. दोहोंच्या मधे चोवीस वर्षं गेली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि १९४६ चा कायदा तिच्यात विलीन झाला. ५० आणि ७५ टक्के हे दर कलम ३८ मध्ये तसेच आले. चौकशी सर्वसाधारणपणे ९० दिवसांत संपवावी असंही आलं, जे चांगलं आहे. पण स्थायी आदेशांचं प्रकरण आता ३०० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागतं. महाराष्ट्रात हा आकडा ५० होता. पुणे-नगर रस्त्यावरच्या सुटे भाग बनवणाऱ्या कितीतरी शेड या दोन आकड्यांच्या मधे बसतात. तिथल्या कामगाराला पुन्हा १९५९ च्या हॉटेल इंपीरियलकडे जावं लागेल: माझ्या नेमणूकपत्रात निलंबनाची सत्ता लिहिली आहे का, नसेल तर पूर्ण पगार द्या. नेमणूकपत्र मात्र हवं. कंत्राटदाराकडच्या पोराला निलंबित करायची कुणाला गरजच पडत नाही. त्याचा पास स्कॅन होत नाही, एवढंच होतं. त्याच्यापुढे चौकशी हीसुद्धा चैन आहे.

ज्याला भत्ता लागू आहे त्याच्यासमोर दर महिन्याला एक छोटा कागद येतो, आणि माझ्या मते या सगळ्या दस्तऐवजांत तोच सगळ्यात अवघड. नमुना स्थायी आदेशांप्रमाणे त्याने लेखी द्यायचं असतं की मी दुसरीकडे नोकरी, धंदा किंवा व्यवसाय करत नाही. मुंबईच्या चाळीत हे लिहून देणं सोपं होतं. वढूच्या माणसाला मात्र सही करताना पेन थांबतं. कांद्याची लागण चालू आहे, भावाला एक हात कमी पडतोय, सातबाऱ्यावर आपलंही नाव आहे. वाफ्यात उतरला तर शेती, नाही उतरला तर अर्ध्या पगारात मजूर लावायचा. तो आधी युनियनच्या पोराला फोन करून विचारतो, की घरच्या रानात रोपं लावली तर हे लिहून दिलेलं खोटं ठरतं का.